आजोबांचे डोळे

भांडुपच्या आमच्या चाळीत कुणाचं पोट दुखलं, कुणाच्या अंगावर पित्त उठलं, कुणाच्या सुनेला दिवस राहिले की नाही अशी शंका आली, की माणसं डॉक्टरच्या आधी माझ्या दारात उभी राहतात. कारण एवढंच की मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. झुरळाचं रक्त लाल का नसतं आणि गांडूळ श्वास कशानं घेतं हे सांगून माझा पगार होतो, पण 'प्रेमाबाईंना विचारा, त्यांना सगळं शरीर पाठ आहे' अशी माझी ख्याती. पाठ आहे हे खरं. पाठ असण्याचा उपयोग काय, हे मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर मी चिडेन.

माझ्या शेजारच्या खोलीत काशीराम आणि रत्नप्रभा राहतात. दोघं मूळची मालवणकडची. काशीराम परळच्या गिरणीत होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि आता ते एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन आहेत. मुळातच अबोल माणूस, संपानंतर तर तोंडाला कुलूप. रत्नप्रभा घरी बसून निवडायचं काम करते. अंधेरीला टीव्हीचे भाग जोडणारा एक कारखाना आहे, तिथे एकमेकांत मिसळलेले रेझिस्टन्स पिशव्या भरभरून तिच्याकडे येतात. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, दोन्हीकडे तारेच्या शेपट्या आणि पोटावर रंगीत रेघा. तांबडी, तांबडी, तपकिरी अशा रेघांचे एका कपात; हिरवी, निळी, तांबडी अशांचे दुसऱ्या कपात. कप सगळे कान तुटलेले. चुलीवर भात रटरटत असतो, तोंडाने माझ्याशी गप्पा चालू असतात आणि हात आपले निवडत असतात. त्या निवडण्यात चूक म्हणून नाही. कारखान्याचा माणूस म्हणतो, मशीन आणलं तरी रत्नप्रभाबाईंची नजर त्याला यायची नाही.

त्यांना दोन मुलं. थोरली मालन, घाटकोपरला दिलेली. तिचे सासरे रेल्वेत गार्ड होते, नवरा धोंडिराम रेल्वेतच आहे, आणि सासू द्रौपदीबाई कुणी काही विचारायच्या आत 'आमचं रेल्वेचं घराणं' असं सांगून मोकळ्या होतात. हे स्थळ आणलं काशीरामांच्या थोरल्या बहिणीने, नाहूरच्या जानकीआक्कांनी. जानकीआक्का म्हणजे या घराचं हायकोर्ट. धाकटा धाकू. दहावीला माझ्याच वर्गात होता. अक्षर सुरेख, आकृत्या त्याहून सुरेख.

त्या वर्षी धाकू रेल्वेच्या परीक्षेला बसला, असिस्टंट ड्रायव्हरच्या जागेसाठी. लेखी पास झाला, तोंडी पास झाला. काशीरामांनी चाळभर पेढे वाटले आणि वाटताना चक्क बोलले. माझ्या हातावर दोन ठेवले आणि म्हणाले, "बाईनू, तुमचोच विद्यार्थी." राहिली होती ती फक्त मेडिकल. विशीतला पोरगा, कबड्डी खेळून दंडाच्या बेटकुळ्या झालेला, त्याचं काय मेडिकल करायचं?

डॉक्टरांनी त्याला छाती फुगवायला लावली, लांबची अक्षरं वाचून घेतली आणि मग एक पुस्तक पुढ्यात ठेवलं. पानावर नुसते रंगीत ठिपके. आकडा कुठला दिसतो, असं त्यांनी विचारलं. धाकू म्हणाला, कसला आकडा?

पोराला तांबड्या-हिरव्यातला फरक दिसत नव्हता. जन्मापासून दिसत नव्हता, आणि वीस वर्षांत कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. यायचं तरी कसं? पानं हिरवी आणि कुंकू तांबडं हे त्याने पाढ्यांसारखं पाठ केलेलं. आंबा तो वासावर निवडायचा, पेरू दाबून बघायचा, रस्त्यावरच्या सिग्नलला वरचा दिवा म्हणजे थांबा हे त्याला ठाऊक. आणि माझ्या वर्गात तर नियमच असा की जीवशास्त्राची आकृती पेन्सिलीने काढायची, रंग भरायचा नाही. लहानपणी कधी आईला रेझिस्टन्स निवडू लागायला बसला की हिरवे आणि तपकिरी एकाच कपात टाकायचा. रत्नप्रभेला वाटायचं, कामचुकारपणा करतोय. ती त्याला खेळायला हाकलून द्यायची.

घरात सुतक आल्यासारखं झालं. मला बोलावणं आलं. मी समजावून सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बारीक शंकूच्या आकाराच्या पेशी असतात, रंग त्या ओळखतात, आणि याच्या डोळ्यांतल्या काही पेशी जन्मतःच कामाला लागलेल्या नाहीत. काशीरामांनी अगदी मन लावून ऐकलं. मग विचारलं, "कधी लागतील कामाला?"

गिरणीच्या दारात उभं राहून माणसाने विचारावं, तसं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, कधीच नाही, याला औषध नाही. रत्नप्रभेचा माझ्यावरचा विश्वास तिथेच उडाला असावा. औषध नाही असं कधी असतं का?

मग सुरू झाले उपाय. गाजरं किसून झाली, डोळ्यांत तूप घालून झालं, सकाळी अनवाणी गवतावरून चालून झालं. ते बिचारं गवत त्याला कुठल्या रंगाचं दिसत होतं देव जाणे. मी ओरडून सांगत होते की गाजराने रातांधळेपणाला गुण येतो, हे दुखणंच वेगळं आहे. ऐकतंय कोण? मेडिकल पुन्हा एकदा द्यायची मुभा होती, आणि त्या मुभेला अख्खी चाळ लोंबकळली. शेवटच्या खोलीतला चंद्रप्रकाश मुलुंडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कंपाउंडर आहे. त्याने रविवारी दवाखान्यातलं तसलंच ठिपक्यांचं पुस्तक आणलं, आणि आपल्याकडे कुठल्याही परीक्षेला जे करतात ते सुरू झालं. घोकंपट्टी. पहिल्या पानावर बारा. चहाचा डाग पडलेल्या पानावर आठ. कोपरा दुमडलेल्या पानावर काहीच नाही, तिथे गप्प राहायचं. चाळीतली शेंबडी पोरंसुद्धा पान उघडल्याबरोबर आकडा सांगायची, आणि मधे बसलेला धाकू घाम पुसत चहाचा डाग शोधायचा.

रत्नप्रभेने त्याला आपल्या पद्धतीनेही शिकवून पाहिलं. दुपारी दोघं गॅलरीत समोरासमोर बसायची. ती एकेक दाणा चिमटीत धरून म्हणायची, ही बघ तांबडी, ही बघ हिरवी, नीट बघ बाळा, लक्ष दिलंस की दिसेल. तो म्हणायचा, हो आई. ती दाणे मिसळायची आणि त्याला निवडायला लावायची. मग त्याने भरलेला कप ती गुपचूप आपल्या मांडीवर उलटा करून परत निवडायची. माझ्या खिडकीतून हे दिसायचं. मी खिडकी लावून घ्यायचे.

या सगळ्यात जानकीआक्का गावाला जाऊन आल्या. दुखणं असो, कोर्टकज्जा असो, मालवणी माणूस शेवटी गावच्या देवाला गाऱ्हाणं घालतो आणि कौल मागतो. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि होकाराची उजवी पडते की नकाराची डावी ते बघायचं. जानकीआक्कांनी आधी विचारलं, दोष आईच्या घरचा का? डावी पडली. मग विचारलं, बापाच्या घरचा का? उजवी पडली. तिथून पुढे सगळं सोपं होतं. काशीरामांच्या घराण्याने शिवेवरच्या राखणदार देवाला दर वर्षी कोंबडा आणि नारळ द्यायचा असतो, त्याला राखण म्हणतात. संप झाल्यापासून काशीराम गावाला गेलेच नव्हते. राखण चुकली होती. राखणदाराने पोराची नजर बांधली.

संपाच्या आधी कितीतरी वर्षं पोरगा जन्मलाय, हे मी जानकीआक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, देवाला पुढचं दिसतं.

पण काशीरामांनी ते मनाला लावून घेतलं. गिरणी गेली तेव्हाही त्यांनी कुणाला बोल लावला नव्हता, मलाच वेळेवर कळायला हवं होतं, एवढंच म्हणाले होते. आता पोराचं नशीबही त्यांनी स्वतःच्या खात्यावर लिहून घेतलं. जेवताना पोराकडे पाठ करून बसायला लागले. धाकू पाया पडायला वाकला तर पाय मागे घ्यायचे. आणि मी पलीकडच्या खोलीत बसून चरफडत होते, कारण हे धादांत खोटं आहे हे मला माहीत होतं. दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या धड्यात चौकट आहे. रंगांधळेपणा मुलाला बापाकडून येत नाही. तो येतो आईकडून.

एका संध्याकाळी धाकू माझ्याकडे आला. मी पेपर तपासत होते. उभ्या-उभ्याच म्हणाला, "बाई, तुम्ही शिकवलं होतंत आम्हाला. वाहक आई, निरोगी बाप. मला पैकीच्या पैकी मार्क होते त्या प्रश्नाला."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मेडिकलच्या दिवसापासून ठाऊक होतं.

"आईला सांगू नका ना, बाई."

मी म्हटलं, अरे पण तुझे वडील झिजतायत, त्यांचा काडीचा दोष नसताना. तो म्हणाला, "बाबांना सवय आहे. आई मोडेल. तिला आपल्या नजरेचा केवढा गर्व आहे, तुम्ही बघता ना."

मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर दुसरं काय म्हणणार होते? सत्य सांगून पोराला नोकरी मिळणार नव्हती. ओझं तेवढंच राहिलं असतं, नुसता खांदा बदलला असता. माझ्या शास्त्राचा हा गुण मला अलीकडे फार टोचतो. कसं झालं ते सगळं सांगतं. आता काय करू, असं विचारलं की फळा पुसून वर्गाबाहेर जातं.

काशीराम गावाला गेले, राखण देऊन आले. धाकू दुसऱ्या मेडिकलला गेला. रत्नप्रभेने त्याच्या हातावर दही ठेवलं, चंद्रप्रकाशने जिन्यापर्यंत जाऊन डागाचं पान आठवायला सांगितलं. पण तिथे पुस्तक नव्हतंच. डॉक्टरांनी त्याला काळोख्या खोलीत बसवलं आणि लांबवर एक दिवा लावला, सिग्नल दुरून दिसतो तसा टिकलीएवढा. रंग सांगा म्हणाले. दिवा बदलला, परत म्हणाले, रंग सांगा. तिथे ना चहाचा डाग, ना दुमडलेला कोपरा. तोंडाला येईल ते तो सांगत गेला.

तो नापास झाला, आणि त्याला पास करायला हवं होतं असं मलाही म्हणवेना. त्या गाडीत माणसं बसतात. हे मी कुणापाशी बोलले नाही. काशीराम एकदाच बोलले, तेही भिंतीकडे तोंड करून. राखण पोचली नाही म्हणाले, माझ्या हातची घेतली नाही.

त्यानंतर महिनाभरात मालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. घराला जरा जीव आला. रत्नप्रभेने तिच्यासाठी डोहाळजेवण करायचं ठरवलं, आणि डोहाळजेवण म्हणजे हिरवं लुगडं आलं. मामाने आणायचं अशी त्यांच्याकडची रीत. रत्नप्रभेचा भाऊ बाळा गावाहून आला. होडीवर जाणारा, रापलेला, हट्टी माणूस. दुकानदाराने दाखवलेलं काही घेणार नाही, ढिगातून स्वतः उपसून घेईन, असला. चाळीतल्या बायका जमल्या, मालनच्या डोक्यात अबोली, हातात हिरवा चुडा. बाळामामाने मोठ्या ऐटीत कागदाचं पुडकं सोडलं आणि लुगडं भाचीच्या अंगावर टाकलं.

लुगडं तपकिरी होतं. चहाच्या भुकटीसारखं तपकिरी.

हशा पिकला. जानकीआक्का म्हणाल्या, काय रे, दुकानात काळोख होता की तू थोडी घेऊन गेला होतास? बाळामामाला हसण्याचं कारण कळेना. त्याने लुगड्याचा पदर उजेडात धरला, चुड्याजवळ नेला आणि फणकाऱ्याने म्हणाला, "ह्या लुगडा हिरवा न्हय तर काय तांबडा?"

बायका अजूनच हसल्या. हसले नाहीत फक्त दोघं. धाकू हसला नाही, कारण लुगड्यात काय चुकलंय हे त्यालाही दिसत नव्हतं. आणि रत्नप्रभा हसली नाही. ती भावाकडे बघत होती, मग मुलाकडे, मग पुन्हा भावाकडे. आयुष्यभर दाणे निवडलेली बाई. दोन सारखे दाणे समोर आल्यावर तिला ओळखायला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. हातात दोन कप आणि रेझिस्टन्सची पिशवी, म्हणजे कुणी बघितलं तर निवडायला बसलीय असं वाटावं. दार लोटून घेतलं आणि खाली बसली.

"बाई, खरं सांगा. हे माझ्याकडनं गेलं ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. शब्द धाकूला दिला होता. पण तिला उत्तर माहीत होतं, ती नुसती सही मागायला आली होती. मी हो म्हटलं.

ती रडली नाही. म्हणाली, मला तर सगळं दिसतं, मग माझ्याकडनं कसं जाईल? मग मी तिचेच दोन कप घेतले. म्हटलं, बाईच्या अंगात या कामाचे असे दोन दाणे असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. तुझ्यातला एक खराब आहे, पण दुसरा चांगला आहे, तो सगळं निभावून नेतो, म्हणून तुला दिसतं. पुरुषाकडे एकच दाणा असतो, आणि तो आईच देते. बाप तो मुलाला देतच नाही. तुझ्या आईने तुझ्या भावाला खराब दिला, आणि तुलाही. तू धाकूला खराब दिलास. देताना काही तू निवडून दिला नाहीस.

"निवडून द्यायचा असता तर चुकले नसते मी," ती म्हणाली.

 मग तिने हळूच विचारलं, "मालनला कुठला दिला मी?"

माहीत नाही, मी म्हटलं. चांगला किंवा खराब, दोन्ही सारखंच शक्य. तपासता येत नाही का? नाही, निदान आपल्याला तरी नाही. आणि तिला मुलगा झाला तर? मी पुन्हा दाणे मांडले. मालनकडे दोन दाणे, एक रत्नप्रभेचा, एक काशीरामांचा. काशीरामांचा शंभर टक्के चांगला, कारण त्यांना सगळं नीट दिसतं. मुलाला मालन त्यातला एकच देणार. आजोबांचा गेला तर कसलीच काळजी नाही. आजीचा गेला आणि तो खराब निघाला, तर दुसरा धाकू.

"म्हणजे यांचाच चांगला," रत्नप्रभा म्हणाली. "आणि हे मेले स्वतःला खातायत."

मग ती रडली. मी तिला पाणी दिलं. मला वाटलं, आता उठेल आणि जाऊन नवऱ्याला सांगेल. ती उठलीही, दारापर्यंत गेली आणि कडीवर हात ठेवून थांबली. म्हणाली, यांच्या पोटात बहिणीपासून काही राहत नाही, आणि वन्संच्या पोटात तर कुणापासूनच नाही. आठवड्यात घाटकोपरला पोचेल. रेल्वेचं घराणं. मुलीच्या रक्तातच खोट आहे म्हणतील, आणि तीही आता, पोटुशी असताना. राखणदाराचं काय, तो बापाच्या घरचा, परक्याच्या घरी गेलेल्या पोरीला त्याची बाधा नाही, असं वन्संनी द्रौपदीबाईंना पटवून ठेवलंय.

मी म्हटलं, अगं, सिग्नल सोडले तर धाकूचं काय अडलंय? हात-पाय धड आहेत, डोकं धड आहे. ती म्हणाली, तुम्ही शाळेत शिकवता बाई, आम्ही घरात राहतो.

 एकीकडे नवरा होता, दुसरीकडे पोटची पोर, आणि एकाला सोडवायचं तर दुसऱ्याला अडकवायचं. ती दोन्ही कप घेऊन घरी गेली. त्या दिवसापासून मी काशीरामांच्या नजरेला नजर द्यायचं टाळू लागले. रत्नप्रभा त्यांच्या ताटात मासळीचा मधला तुकडा वाढायची, ते तो उचलून धाकूच्या ताटात टाकायचे, पाठ तशीच ठेवून. मालन जवळून गेली तर ते अंग चोरायचे, सावलीसुद्धा तिच्या पोटावर पडू द्यायचे नाहीत. देवासमोर दिवा लावताना रत्नप्रभा काय पुटपुटते ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मुलगी होऊ दे, आणि मुलगा झाला तर आजोबांवर जाऊ दे.

मुलगा झाला. मुलुंडच्या प्रसूतिगृहातून मालन त्याला घेऊन घरी आली. गोरापान, जावळाने डोकं भरलेलं बाळ. आल्यापासून रत्नप्रभेने रेझिस्टन्सच्या पिशव्या परत पाठवायला सुरुवात केली. सांगायची, वेळ होत नाही. मला मात्र एकदा विचारलं, मुलं रंग कधी सांगायला लागतात हो बाई? तीन-चार वर्षांची झाली की, मी म्हटलं. 

बारशाला खोली गच्च भरली. घाटकोपरहून द्रौपदीबाई आल्या, येताना नातवासाठी शिट्टी आणि तांबडी-हिरवी झेंडी घेऊन आल्या, खेळण्यातली. ती त्यांनी पाळण्याला बांधली आणि सगळ्यांना दाखवली. धाकू पाळण्याची दोरी धरून होता. काशीराम दाराबाहेर चपलांपाशी स्टुलावर बसले होते, आत या म्हटलं तरी आले नाहीत. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि मग बारशात होतंच ते सुरू झालं. नाक कुणाचं, हनुवटी कुणाची, कान कुणाचे.

जानकीआक्का पाळण्यावर वाकल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "डोळे बघा कशे मामाचे घेतल्यान."

बायकांनी मान डोलावली. कुणीतरी धाकूला म्हणालं, मामा, आता भाच्याला कडं काढ. धाकूच्या हातातली दोरी सुटली. पाळणा आपोआप दोन हेलकावे खाऊन थांबला.

"नाही," रत्नप्रभा म्हणाली.

एवढ्या मोठ्याने ती कधी बोलत नाही. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

"डोळे त्याच्या आजोबांचे आहेत. नीट बघा. आजोबांचेच आहेत."

दारापाशी स्टूल सरकल्याचा आवाज झाला. काशीराम उभे राहिले होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही, एखाद्याने त्यांच्यावर आळ घ्यावा तसा झाला होता. त्यांनी दोन्ही हात जोडले, बायकोला की पाळण्याला कळेना.

"माजे नको गो," ते म्हणाले. "माज्या घरातला काय्येक नको तेका."

 द्रौपदीबाईंना वाईट वाटलं, त्यांनी व्याह्यांना समजावलं की राखण दिलीत ना, आता मनात आणू नका, आमच्या नातवाला काही होत नाही. जानकीआक्कांनी पदर डोळ्यांना लावला. रत्नप्रभा माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडात एक वाक्य होतं, दहावीच्या पुस्तकातलं, दर वर्षी चाळीस पोरांकडून म्हणून घेते ते. तेवढं एक वाक्य बोलले असते तर तो माणूस त्या क्षणी सुटला असता. पण आमच्या दोघींच्या मधे द्रौपदीबाई बसल्या होत्या, मांडीला मांडी लावून, आणि त्यांच्या शेजारी खाली मान घालून मालन. मी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली आणि गप्प बसले.

रत्नप्रभेने पाळण्यातून बाळ उचललं. बायकांतून वाट काढत ती दारापाशी गेली, काशीरामांना स्टुलावर बसवलं आणि नातवाला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"धरा," ती म्हणाली. "तुमचेच आहेत ते. तुमचेच असू देत."

त्यांनी धरलं. नाही कसं म्हणणार, पडलं असतं. पण आपली नजर त्याच्यावर पडू नये म्हणून त्यांनी मान वळवली आणि ते जिन्याकडे बघत बसले. बाळ जागं होतं, आणि टक लावून त्यांच्याकडेच बघत होतं.